उजवा डबा

आमचे घरमालक गाणं अर्धंच ऐकत. म्हणजे मध्येच बंद करत असं नव्हे. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत नीट ऐकत, पण एकाच बाजूनं. त्यांच्याकडे एक जुना टू-इन-वन होता. रेडिओ आणि कॅसेट एकत्र, वर धरायला दांडा, आणि दोन्ही अंगांना काढता-घालता येणारे दोन स्पीकर. स्पीकरला ते डबा म्हणत. त्यातला डावा डबा जागेवर होता. उजव्या बाजूला नुसत्या दोन खाचा होत्या आणि उघड्या तोंडाची एक वायर लोंबत होती.

सक्करदऱ्याच्या त्या घरात मी वरची खोली पाहायला गेले तेव्हा हे यंत्र खाली छपरीत, घरापुढच्या ओसरीत, स्टुलावर वाजत होतं. शेजारी खाटेवर बनियन घातलेला एक उंच, हाडकुळा म्हातारा डोळे मिटून बसला होता आणि तोंडानं "टिणण टिणण टिण" करत होता. खोली चांगली दिसते, पण मालक कामातून गेलेला आहे, असं मी मनात म्हटलं आणि तरीही आत गेले, कारण मिहानमधल्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं आणि सामान वर्ध्याहून निघालेलं होतं.

"बस," त्यांनी डोळे न उघडताच सांगितलं. "आयक. आता सांग, यात काय कमी हाय?"

एकट्या मुलीला खोली देताना लोक आडनाव विचारतात, लग्न कधी करणार विचारतात, मटण-मच्छी विचारतात. या सगळ्यांची उत्तरं मी वाटेतच पाठ करून ठेवली होती. हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता.

"आवाज कमी आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे फार दुःखानं पाहिलं. "आवाज नाई वं बाई. मेंडोलिन कमी हाय."

"मला गाण्यातलं काही कळत नाही."

"मंग जमलं," ते म्हणाले. "ज्याले समजते तो लय बोलते." आणि खोली मला मिळाली.

त्यांना मी काकाजी म्हणू लागले. सगळी गल्लीच म्हणत होती. हिंगण्याच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला त्यांनी सगळी नोकरी काढली होती. दिवसभर पत्र्यावर पडणारे घण ऐकून कान बसले होते, त्यामुळे साधं "मीठ दे" सुद्धा ते यंत्रावरच्या कामगाराला हाक मारावी तसं म्हणत. त्या घरातलं काहीच खाजगी नव्हतं. काकाजींचं पोट साफ झालं की नाही हे कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यालाही कळे. काकूंना सुरुवातीला याची लाज वाटायची म्हणे. पुढे पुढे त्या स्वतःच मधून उत्तरं देऊ लागल्या.

ते मेंडोलिनचं प्रकरण मला कळायला थोडे दिवस लागले. त्या जुन्या स्टिरिओ गाण्यांत गाणाऱ्याचा आवाज दोन्ही डब्यांतून येतो, पण वाद्यं वाटलेली असतात. त्यांच्या लाडक्या गाण्यात तबला होता डावीकडे आणि मेंडोलिन उजवीकडे. उजवा डबा नसल्यानं कडवं संपलं की मागे नुसता तबला चालू राही, लग्नाच्या वरातीत नवरदेवच हरवावा तसा. त्या रिकाम्या जागेत काकाजी तोंडानं मेंडोलिन वाजवत. वेळ कधी चुकत नसे. जेवत असतील तर घास गालात सरकवून वाजवत. दाढी करत असतील तर वस्तरा बाजूला धरून वाजवत. एकदा महापालिकेचा माणूस पाण्याच्या मीटरबद्दल काहीतरी विचारत होता; काकाजींनी त्याला हातानं थांबवलं, टिणण टिणण केलं, आणि कडवं सुरू झाल्यावर म्हणाले, "हां, बोल." तो बिचारा काय विचारायला आला होता तेच विसरला.

कानात इअरफोन घातलेल्या माणसाशी ते बोलत नसत. मी जिना उतरताना कानात काही दिसलं की ते फक्त खुणा करत. गॅस सिलिंडर आलं, ही खूण मला समजे. पण "तुझ्या आईचा फोन काकूंच्या फोनवर आला होता, तुझा लागत नाही, लवकर कर," ही खूण त्यांनी जी काय केली ती मी शेवटी कान मोकळे करूनच समजून घेतली. "कानात बोळे घालून हिंडून राहिली पूरी दुनिया," ते म्हणत. "गाणं चार मानसांत वाजलं पायजे. एकट्याले वाजलं तं ते गाणं नाई, ते औषध हाय."

उन्हाळा लागायच्या आधी कूलर काढण्याचा दिवस तर त्या घरात सणासारखाच असे. वाळ्याच्या नव्या ताट्या काकाजी स्वतः बसवत, पंप स्वतः धूत, आणि पहिला गार वारा आला की कुणी बोलायचं नाही असा नियम होता. तो वास संपूर्ण नाकात जाईपर्यंत गप्प बसायचं. मी, काकू, आणि कधी शेजारचं कोणी, असे आम्ही छपरीत ओळीनं डोळे मिटून बसत असू. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर सकाळची वंदना चालू आहे असंच वाटलं असतं.

काकाजी आता नाहीत. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅटमध्ये राहते. इथे नुसतं बोललं की हवं ते गाणं चहूबाजूंनी वाजतं आणि त्यात काही म्हणता काही कमी नसतं. मला ते ऐकवत नाही. मेंडोलिन आपलं आपण वाजून जातं आणि मला त्या छपरीची इतकी आठवण येते की मी उठून गाणं बंद करते आणि उगाचच भांडी आवरायला लागते.

उजवा डबा गेला कुठे, हे मला काकूंनी मी त्या घरात राहत असतानाच सांगितलं होतं. आम्ही मेथी निवडत बसलो होतो. काकाजी बाहेर होते, म्हणून घरात शांतता होती.

"वाटणीत गेला," काकू म्हणाल्या.

काकाजींना एक धाकटा भाऊ होता. दोघांनी मिळून ते यंत्र आखातातून परतलेल्या एका माणसाकडून घेतलं होतं आणि सायकलवरून घरी आणलं होतं. काकाजी सायकल मारत होते आणि धाकटा मागे ते मांडीवर घेऊन बसला होता, चालू करून. पुढे रोज संध्याकाळी दोघे ते तलावावर नेत. मध्ये यंत्र, डाव्या डब्याशी थोरला, उजव्या डब्याशी धाकटा. वडील गेल्यावर वाटणी झाली. भांडण म्हणावं असं काही नव्हतंच, पण दोन चुली झाल्या होत्या आणि घर लहान होतं. वाटणी करायला मामा आले. मामांचा शब्द मोडायचा नाही ही त्या घरातली रीत. मामा होते फार न्यायी. दोन घागरी, तर एकेक. चार खुर्च्या, तर दोन-दोन. कूलर एकाला तर शिलाई मशीन दुसऱ्याला.

"मंग आला हा टेप," काकू सांगत होत्या. "मामाजींनं त्याले उलटापालटा करून पाह्यलं. मांगं एक खटका होता, तो दाबला तं डबा हातातच आला. मामाजीले असा आनंद झाला पोरी. म्हणे, पाहा, बनवनाऱ्यानंच वाटनी करून ठेवली. बनवनाऱ्याले मालूम होतं, घरी दोन भाऊ असतात."

यंत्र आणि डावा डबा थोरल्याला. उजवा डबा धाकट्याला, आणि यंत्र मिळालं नाही म्हणून वर वडिलांचं घड्याळ.

"आणि कुणीच काही बोललं नाही?"

"कोन बोलन वं? मामाजीपुढं? यायले वाटे, धाकटा म्हनन राहू द्या. धाकट्याले वाटे, दादा म्हनन राहू द्या. दोघंही बसले एकमेकाच्या तोंडाकडं पाहत. अन् मामाजी पुढच्या सामानाकडं गेले."

धाकट्यानं घरातला हिस्सा सोडला आणि हिंगण्याकडे जागा घेतली. तो डबा घेऊन गेला आणि बोलणं थांबलं. दोघांच्या कंपन्या हिंगण्यातच, दोघांच्या बस एकाच टपरीवर चहाला थांबत. काकू सांगत, एक भाऊ चहा पीत असला की दुसरा बसमधून उतरत नसे. ज्याला आधी तलफ येई तो जिंकला. नोकरी संपेपर्यंत हे चाललं. दोन्ही जावा मात्र फोनवर रोज बोलत, लोणच्यापासून गुडघ्यापर्यंत सगळं, आणि आपापल्या नवऱ्याला त्यातलं काही सांगत नसत.

मग एका उन्हाळ्यात यंत्र बिघडलं. गाणाऱ्याचा आवाज आधी जड झाला, मग घोगरा, मग कॅसेट फिरायचीच थांबली. काकाजी ते पिशवीत घालून दुरुस्तीच्या एका दुकानात घेऊन गेले. तिथल्या माणसानं झाकणही न उघडता सांगितलं की याचे पार्ट आता येत नाहीत, ठेवून द्या आठवण म्हणून. काकाजी घरी आले आणि त्या दिवशी त्यांनी मीठसुद्धा हळू आवाजात मागितलं. काकू घाबरल्या.

ते आम्हीच उघडायचं ठरवलं. आम्ही म्हणजे त्यांनी. माझं काम मोबाइलचा उजेड धरण्याचं. काकाजींची पद्धत अशी की काकूंकडून कणकेचा मोठा गोळा मागून घ्यायचा, परातीत थापायचा, आणि निघालेला प्रत्येक स्क्रू यंत्रावर जिथे होता त्याच जागी कणकेत खोचायचा. म्हणजे परातीत त्या यंत्राचा नकाशाच तयार होई. प्रेस शॉपला ग्रीसवर खोचायचे म्हणे. काकूंचं म्हणणं एवढंच होतं की या कणकेच्या पोळ्या कोण खाणार ते आधीच ठरवा. आत पाहिलं तर रबरी पट्टा वितळून काळा डिंक झाला होता आणि चाकांना चिकटून बसला होता. तो आम्ही स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं दोन-तीन दुपारी पुसत बसलो. चाकाभोवती दोरा गुंडाळून मापं घेतली आणि मी फोनवर शोधून दिल्लीहून पट्टे मागवले. ते येईपर्यंत काकाजी रोज फाटकाशी उभे राहून कुरिअरवाल्यांची चौकशी करत. आमच्या गल्लीत येणाऱ्या प्रत्येक कुरिअरवाल्याला माहीत झालं की या घरी एक पट्टा यायचा आहे.

पट्टा आला. पहिल्यांदा बसवला तो पीळ पडून बसला आणि कॅसेट उलटीच फिरायला लागली. दुसऱ्यांदा नीट बसला. लाल दिवा लागला, दोन्ही चाकं फिरली, काटा हलला. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. आवाज काही आला नाही.

डावा डबा आम्ही मधल्या काळात माळ्यावर ठेवला होता. तिथे उंदरांनी त्याचा आतला कागदी पडदा कुरतडून साफ केला होता.

"काकाजी, माझ्याकडे एक स्पीकर आहे. तो जोडून पाहू," मी म्हटलं.

"दुसऱ्याच्या तोंडानं बोलवू काय याले?" ते म्हणाले.

मग आम्हा तिघांनाही एकाच वेळी कळलं की याचं स्वतःचं तोंड जगात आता एकच उरलं आहे आणि ते हिंगण्याला आहे. काकूंनी हात पुसले. "सांगा ना मंग त्याले," त्या म्हणाल्या.

"मी नाई सांगत. मोठा मी हाय."

"म्हनून तं तुमी सांगा."

काकाजी उठून फाटकाशी जाऊन उभे राहिले. आता कुणाचं कुरिअर यायचं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. ते छपरीत बसून मुकं यंत्र चालू करत आणि फिरणारी चाकं पाहत. सुरुवातीला सगळं गाणं तोंडानं म्हणायचे, गाणाऱ्याचं, तबल्याचं, मेंडोलिनचं. मग तेही थांबलं. चाकं फिरत आणि ते गप्प बसून असत. मी इअरफोन घालून समोरून गेले तरी त्यांनी खूणसुद्धा केली नाही. तेव्हा मला खरंच भीती वाटली की हा माणूस आता असाच आत आत जाणार आणि आपण जिन्यावरून पाहत राहणार.

काकूंनी मला रविवारी सकाळी स्वयंपाकघरात बोलावलं. "जावेशी बोलली मी. तू जाऊन ये. म्या जाऊन मांगतलं तं वाटनी मोडली असं होते. तू परकी हायेस, तुले कोनी काही म्हनत नाई."

परकी असल्याचं मला आयुष्यात पहिल्यांदाच इतकं बरं वाटलं. मी स्कूटी काढली.

धाकटे भाऊ बुटके आणि गोल होते, पण नाक तंतोतंत तेच. त्यांच्या बैठकीत कपाटावर बुद्धमूर्ती होती आणि तिच्या शेजारी, विणलेल्या रुमालाखाली, तो डबा. इतकी वर्षं वाजायला यंत्रच नव्हतं, त्यामुळे तो नुसता बसून होता. त्याच्यावर फुलदाणी ठेवायची नाही अशी घरात सक्त ताकीद होती, हे काकूंच्या जावेनं पाणी देताना मला सांगितलं.

मी आले त्याचं कारण सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "दादानं सांगतलं काय?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "नाही," मी म्हटलं. "काकूंनी सांगितलं. काकाजी काहीच बोलत नाहीत आता. गाणंपण म्हणत नाहीत."

त्यांनी उठून रुमालाचं टोक सरळ केलं. "डबा मी कोनाच्या हाती देनार नाई," ते म्हणाले. मी उठले. तेव्हा ते म्हणाले, "मी आनतो. तू पुढं हो."

ते मोटरसायकलवरून माझ्या मागे आले. डबा त्यांनी चादरीत गुंडाळून पोटाशी बांधला होता, लेकरू बांधावं तसा. प्रत्येक सिग्नलला मी वळून पाहायचे, मागे येत आहेत ना म्हणून.

छपरीत काकाजी नेहमीच्या जागी होते. फाटक वाजलं, त्यांनी मान वर केली आणि भावाला पाहिलं. कुणी कुणाला या म्हटलं नाही, कसा आहेस विचारलं नाही. धाकटा चादर सोडू लागला. काकाजींनी स्टूल पुढे ओढलं आणि यंत्राचं उजवं अंग त्याच्याकडे फिरवलं. दोन्ही खाचा बसल्या, खटका वाजला. वायर काकाजींनी खोचली. ती पहिल्यांदा बसलीच नाही, त्यांनी पुन्हा खोचली.

गाणं लागलं. गाणाऱ्याचा आवाज आला, तबला नव्हता. तो डाव्या डब्याबरोबर उंदरांनी खाल्ला होता. कडवं संपलं. काकाजींनी सवयीनं "टिणण टिणण" सुरू केलं आणि त्याच वेळी खरं मेंडोलिन वाजू लागलं. ते दुसरीकडेच गेलं. काकाजी खाली उतरत होते तेव्हा ते वर चढलं आणि वरच फिरत राहिलं.

काकाजी थांबले. त्यांनी पुढचं सगळं ऐकलं. "हे असं होतं?" ते म्हणाले.

"असंच होतं दादा. तू तलावावरही चुकीचंच वाजवत जाय."

"मंग तवा काहून नाई सांगतलं?"

"मोठा तू."

काकाजींनी टेप बंद केला. मग म्हणाले, "मामा डबा काढून राहिले होते तवा काहून नाई बोलला?"

"मले वाटलं तुले तो टेप तुह्याजवळच पायजे. मी बोललो तं तुले वाटन, हा मांगून राहिला."

"मले बी तसंच वाटलं बाबू," काकाजी म्हणाले. त्यांनी बनियनच्या टोकानं डोळे पुसले आणि त्याची त्यांना काही लाज वाटली नाही. काकू आत निघून गेल्या आणि बराच वेळ नळ वाहत ठेवून उभ्या राहिल्या.

धाकटे जेवले. दोघं एका ताटात जेवले नाहीत की मिठी मारली नाही; भाजीत तिखट जास्त आहे एवढंच बोलले. जेवण झाल्यावर धाकटे उठले आणि डब्याचा खटका दाबायला गेले. इतकी वर्षं तो त्यांचा हिस्सा होता, न्यायचाच असतो असं त्यांच्या हाताला वाटलं असावं.

"काढू नको," काकाजी म्हणाले. "पूरंच घेऊन जाय."

"पूरं? टेप तं तुहा हाय."

"बोलता डबा तुहा हाय. मुका टेप ठेवून मी काय करू?"

"अन् तू कायच्यावर आयकशील?"

"मी येत जाईन आयकाले." मग त्यांनी असा खालचा आवाज काढला जो मी त्या घरात कधी ऐकला नव्हता, गल्लीत काय, छपरीच्या दुसऱ्या टोकालाही जाऊ नये असा. "घर कुठी हाय गा तुहं?"

काकूंना तो पत्ता ठाऊक होता. मी सकाळीच जाऊन आले होते. ज्या रस्त्यानं काकाजींच्या कंपनीची बस जात असे, त्याच रस्त्याला लागून ते घर होतं. मी मोबाइल बाहेर काढला. लोकेशन पाठवायला असा काय वेळ लागतो. काकूंनी माझं मनगट धरलं आणि मानेनं नको म्हटलं.

धाकट्यांनी खटक्यावरचा हात काढला आणि ते खाटेवर भावाच्या शेजारी बसले. "कोठून सांगू?" त्यांनी विचारलं. "कंपनीच्या गेटपासून सांगतो, ते तुले मालूम हाय."

"नाई," काकाजी म्हणाले. "इथून सांग. आपल्या दारापासून."